कोरडी वीट

"अरे, वहिनीला खुर्ची आणा कुणीतरी!" इंगरची नणंद बुआलाय हिने विहाराच्या अंगणातून हाक दिली.

खुर्ची आली. चटईवर टेकायला निघालेली इंगर मुकाट्याने खुर्चीत बसली. डेन्मार्क सोडून, सोम्फेटशी लग्न करून ती मेकाँगकाठच्या या लाओ गावात आली, तेव्हा तिचे केस सोनेरी होते. आता सगळे पांढरे. तरी चारचौघांत तिला खुर्ची यायचीच. पाहुणीचा मान!

समोर भिंतीलगत सोम्फेटचा कमरेएवढा नवा स्तूप उभा होता. त्याच्या अस्थींचं मडकं कोनाड्यात ठेवून झालं होतं, भिक्षूंचं पठणही संपलं होतं. थोंगदी गवंड्याने थापीवर सिमेंट घेतलं.

"लिंपून टाकू ना, आत्या?"

"टाक बाबा," बुआलाय म्हणाली.

शेजारच्या स्तूपात सासूसासरे एकत्र होते. सासरे गेले तेव्हा कोनाड्याला वीट नुसती टेकवून ठेवली होती. सासूबाई आत गेल्यावरच ती लिंपली. त्या दिवशी सिमेंट कालवायला पाणी इंगरनेच आणून दिलं होतं.

थापी पुढे झाली.

"वन्सं," इंगर म्हणाली, "मी कुठे?"

"कुठे म्हणजे? बसलीयेस की ऐटीत!"

"मेल्यावर."

बुआलाय बघतच राहिली. "अगं बाई! तुला तुझी माणसं घेऊन जातील ना? दादाच म्हणायचा, तिला तिच्या बर्फाची ओढ असणार, आपण अडवायचं नाही."

"मला कधी विचारलं नाही त्यांनी."

"आणि तू कधी सांगितलंस?"

सोम्फेट विचारेल म्हणून इंगर थांबली होती. ती सांगेल म्हणून तोही थांबला असेल.

"थोंगद्या, थापी ठेव खाली!" बुआलाय ओरडली. "वीट कोरडीच टेकव." मग वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पण घाई करू नकोस हं. गावात तुझ्याआधी माझा नंबर आहे."

माणसं हसली आणि जेवायला मंडपाकडे वळली. चिकट भाताचा वास आला. इंगर मागेच राहिली. खुर्चीवरून उठून ती स्तूपापुढे जमिनीवर बसली. बोटाने तिने वीट ढकलून पाहिली. हलली.

मग तिने ती पुन्हा नीट सरकवली, आत ऊन जाऊ नये म्हणून.