भाजीवाल्या आजीचं काम

चिंचटेकच्या जिल्हा परिषद शाळेत गॅदरिंग बसवण्याचं काम अकरा वर्षांपासून मनीषाकडे होतं. ते तिनं कधी मागितलं नव्हतं. पहिल्या वर्षी केलं, लोकांना आवडलं, तेव्हापासून ते तिचंच झालं. शाळा दोन शिक्षकी. चार वर्ग, पटावर छत्तीस मुलं. मुख्याध्यापक दीपक पगार दिवसभर मोबाइलवर कसली ना कसली माहिती भरत बसलेले असत. उरलेली शाळा मनीषा चालवायची आणि संध्याकाळी स्कूटीवरून नाशिकला घरी जायची. घरी सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणावर होत्या.

गॅदरिंगच्या बाबतीत तिचा एक नियम होता. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या यायच्या, त्यांची मुलं दोन-अडीच महिने वर्गात बसायची आणि बागेतलं काम संपलं की एका सकाळी दिसेनाशी व्हायची. एका वर्षी नाचातली पुढची मुलगी अशीच गेली. एका वर्षी ढोल वाजवणारा गेला. तेव्हापासून मनीषा त्या मुलांना समूहगीतात मागच्या रांगेत उभं करायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तिलाही हळूहळू वाटेनासं झालं.

या वर्षी तिनं बाजारावरचं एक पंधरा मिनिटांचं नाटक लिहिलं. त्यात एक खडूस भाजीवाली आजी असते. येईल त्या गिऱ्हाइकाशी ती भांडते आणि शेवटी जी बाई तिच्या गुडघ्याची विचारपूस करते तिला मेथीची जुडी फुकट देते. आजीचं काम चौथीतल्या वेदिकाला दिलं होतं. वेदिका बागाईतदार सोमनाथची मुलगी, वाचन स्वच्छ, पाठांतर पक्कं. पण डिसेंबरात ती तापानं चार दिवस आली नाही. तालीम अडू नये म्हणून मनीषानं समोर बसलेल्या निकिता गावितला उठवलं.

निकिता सुरगाण्याकडची. नोव्हेंबरपासून वर्गात होती, पण हजेरीला ओ देण्यापलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती पुढे आली, टेबल पुसायचा पंचा डोक्यावर ओढून घेतला, एक गुडघा वर करून जमिनीवर बसली आणि गिऱ्हाईक झालेल्या ओमच्या हातावर चापट मारून म्हणाली, "हात नको लावू. घेवाची आहा तं घे, नाही तं चालू पड."

सगळा वर्ग हसला. ओम खरोखरच मागे सरकला. पुढची वाक्यं तिला पाठ होती. ऐकून ऐकूनच झाली होती, आणि ती सगळी तिनं आपल्या बोलीत वळवून घेतली होती. गुडघ्याचं विचारल्यावर ती लगेच बोलली नाही. आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, आणि मग हळूच मेथी उचलली. असं कर म्हणून मनीषानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हे कुणाचं बघून केलंस?"

"माही आजी हाय. बाजारात बसती."

त्या दिवशी मनीषानं आपला नियम मोडला. वेदिका परत आल्यावर तिला गुडघ्याची विचारपूस करणारी बाई केलं. वेदिका एक दिवस रुसली, पण दुसऱ्या दिवसापासून निकिताच्या शेजारीच बसायला लागली.

गॅदरिंग वीस जानेवारीला ठरलं होतं. पंधरा तारखेला दीपक सर म्हणाले, "पाहुण्यांना वीस जमत नाही म्हणतात. सव्वीसला झेंडावंदनानंतर घेऊ. सहा दिवसांनी काय फरक पडतोय?"

"सर, सोमनाथ भाऊंच्या बागेतलं मणी विरळायचं थिनिंग संपत आलंय. निकिता जाईल."

"मग वेदिका आहे ना. एका मुलीसाठी पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, मॅडम?"

यावर बोलायला बरंच होतं. पण दुपारी ऑनलाइन प्रशिक्षण होतं, सासूबाईंचं औषध आणायचं होतं आणि मनीषाला वाद घालण्याचा कंटाळा आला होता.

एकवीसला शाळा सुटल्यावर ती सोमनाथच्या बागेवर गेली. बांधाच्या कडेला ताडपत्रीच्या पाच-सहा खोपी होत्या. एकीत निकिताची आई भाकरी थापत होती. निकिता लहान भावाला कडेवर घेऊन उभी होती. मॅडमना पाहून तिनं त्याला खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. निकिताचा बाप बहिरू पाण्याचा हंडा घेऊन आला. मनीषाला बसायला त्यानं क्रेट पालथा घातला.

"उद्या निघायचं हाय मॅडम. पिंपळगावच्या पुढं एक बाग हाय, तिथं."

"सव्वीसपर्यंत थांबता नाही का येणार? चार दिवसांचा प्रश्न आहे."

"टोळी संगंच जाती. एक घर मागं राहिलं तं पुढच्या सालाला मुकादम घेत नाय."

"मग निकिताला माझ्याकडे ठेवा. माझ्या घरी राहील. सव्वीसला संध्याकाळी मी स्वतः आणून सोडते."

बोलून झाल्यावर तिच्या डोळ्यांपुढे आपलं घर आलं. दोन खोल्या, सासूबाईंचा पलंग, पहाटेपासूनची धावपळ. तरी शब्द गेला होता.

बहिरूनं बायकोकडे पाहिलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पहिल्यांदाच बोलली. "हिला ठेवली तं याला कोण सांभाळंल? आम्ही दोघं वेलीखाली राहतो दिसभर. नजर चुकली का पाण्याच्या टाकीवर जातो हा."

मनीषा क्रेटवरून उठली. आणि खरं सांगायचं तर, नकार आल्यावर तिला आतून सुटल्यासारखंही झालं. त्याची तिला लाज वाटली. निकितानं भावाला आईजवळ ठेवलं. स्कूटीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "वेदिकाला सांगा, आजी लगेच उठती नाय. आधी हात टेकती."

सव्वीस तारखेला पाहुणे दीड तास उशिरा आले. तोपर्यंत मुलांच्या तोंडावरची पावडर घामानं उतरली होती. पाहुण्यांनी भाषण केलं, तिसऱ्या कार्यक्रमानंतर घड्याळ पाहिलं आणि उठले. दीपक सर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. नाटक सातवं होतं.

वेदिकानं तीन दिवसांत काम बसवलं होतं. शब्द एकही चुकत नव्हता, पण ती आजी पुस्तकातून उठून आल्यासारखी बोलत होती. मनीषा पडद्याच्या दोरीला धरून उभी होती. तिचे पाय दुखत होते. कधी एकदा संपतं असं तिला झालं होतं. तेवढ्यात ओमनं भाजीला हात लावला, आणि वेदिका लिहिलेलं वाक्य सोडून म्हणाली, "घेवाची आहा तं घे, नाही तं चालू पड."

गावातले लोक मोठ्यानं हसले. कुंपणाजवळ दुसऱ्या बागेवरच्या मजूर बाया उभ्या होत्या. त्यांच्यातली एक पदर तोंडाला लावून शेजारणीला काहीतरी सांगू लागली. मनीषाला ते हसणं नीट कळेना. बोलीला हसतायत की आजीला? शेवटापर्यंत वेदिका तशीच बोलत राहिली आणि उठताना तिनं आधी हात टेकला.

पडद्यामागे आल्यावर मनीषानं विचारलं, "तू थट्टा करत होतीस का गं तिची?"

वेदिकाचा चेहरा पडला. "नाय मॅडम. असं बोललं नाय तर आजी खरी वाटत नाय, असं निकिताच म्हणली होती. तिनंच शिकवलं मला."

दुसऱ्या दिवशी मनीषाच्या लक्षात आलं की निकिता शिक्षण हमी कार्डाशिवाय गेली. मूल गाव सोडून जाताना पुढच्या शाळेत दाखवायला द्यायचं ते कार्ड भरायचं राहूनच गेलं होतं. तिनं सोमनाथकडून मुकादमाचा नंबर घेतला. फोन हातोहात फिरत बऱ्याच वेळानं निकितापर्यंत गेला.

"शाळेत जातेस का तिथल्या?"

"नाय. लांब हाय. भाऊला बघते." मग तिनंच विचारलं, "नाटक झालं का मॅडम? हात टेकला का तिनं?"

"टेकला. तुझ्यासारखंच बोलली."

पलीकडे भाऊ रडत होता. त्याला गप करत निकिता म्हणाली, "मंग झालं." आणि कुणीतरी फोन मागितला.

मनीषानं कार्ड भरायला घेतलं. आता ते घेऊन स्वतः तिथं जावं लागणार हे तिला कळत होतं आणि ते कळल्यानं ती आणखीच दमली. गुरुवारची किरकोळ रजा टाकली तेव्हा दीपक सर म्हणाले, "ती मुलगी आता आपल्या पटावर राहायची नाही, मॅडम."

"म्हणूनच जाते," ती म्हणाली.

ओझर ओलांडून, पिंपळगावच्या पुढे, दोनदा रस्ता चुकून ती बागेवर पोचली. शाळा दीड किलोमीटरवर होती, अंगणवाडी शाळेच्याच आवारात. निकिताच्या आईला तिनं एवढंच सांगितलं की ही शाळेत बसेल आणि हा शेजारच्या खोलीत, दोघं बरोबर जातील, बरोबर येतील. आईनं लगेच हो म्हटलं नाही. "मधे रस्ता हाय गाड्यांचा," ती म्हणाली. शेवटी टोळीतली आणखी तीन मुलं जायला तयार झाली तेव्हा तिनं मान हलवली. मनीषा पाचही जणांना घेऊन चालत शाळेत गेली. स्कूटी तिनं हातानं ढकलत नेली.

तिथले शिक्षक तरुण होते, पण तेही थकलेलेच दिसले. कार्ड वाचून त्यांनी विचारलं, "हिला काय काय येतं?"

"वाचनात थोडी मागे आहे. गणित बरं आहे." मनीषानं निकिताकडे पाहिलं. "आणि नाटक फार चांगलं करते."

"आमचं गॅदरिंग मागच्याच आठवड्यात झालं, मॅडम."

"असू द्या," मनीषा म्हणाली.

निकिता दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. शेजारच्या मुलीनं दप्तर सरकवून तिला जागा करून दिली. अंगणवाडीतून भावाचं रडणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं. मनीषानं निघताना हात केला, पण निकिता फळ्याकडे बघत होती. ऊन चढलं होतं. रजेच्या दिवशी सासूबाईंना दुपारचं जेवण तिलाच भरवायचं असायचं, नाशिक गाठायला हवं होतं. तिनं स्कूटी चालू केली.