पाचव्या बाराचा दगड

मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे किती, तर सहा कोटी साठ लाख वर्षांचा. इस्लापूरजवळ शेषेरावांच्या विहिरीच्या तळाशी, वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण, अशा दोघांच्या मध्ये यंदापर्यंत दाबलेला.

मित्रांनो, आधी मी तळ्याचा चिखल होतो. जमीन फाटून तापलेला रस वाहिला, गार होऊन खडक झाला, त्याच्या खळग्यात पाणी साचलं. डायनासोर पाणी प्यायला येत आणि मला तुडवून जात. मोठ्यांना पायाखाली बघायची सवय नसतेच. एकदा ते यायचे थांबले. लांब कुठंतरी आकाशातून काही कोसळलं म्हणतात. इकडं धूर आणि राख होतीच. ऊन दिसेना, थंडी पडली, झाडं सुकली. पानं खाणारे गेले, पाठोपाठ त्यांना खाणारे गेले. उरले बिळातले उंदराएवढे केसाळ जीव, बी टिपणारे पक्षी, बेडूक आणि माझ्या अंगावरच्या गोगलगायी. थोडं खाणारे, लपून राहणारे तरले. मग राख बसली, ऊब परतली. आधी नेचे उगवले, मागून ताड आणि फुलझाडं. सगळ्यांना वाटलं, संपली आग.

तेव्हाच दुसरा रस आला. तळं झाकलं गेलं. गोगलगायी माझ्या पोटातच राहिल्या.

पुढची खबर झिरपणाऱ्या पाण्यानं आणली. पृथ्वी आधी खूप तापली, मग लाखो वर्षं हळूहळू गार होत गेली. दाट रानं विरळ झाली, गवत पसरलं, गवतामागं खूर आले. बिळातल्या केसाळ जिवांच्या वंशात हत्ती झाले, वाघ झाले, माणूसही झाला. शहाणा झाला की नाही, ते मी सांगत नाही. विहीर खणायला आला, एवढं खरं.

यंदाच्या चैत्रात ज्ञानोबा माझ्यापर्यंत पोचला. तो विहिरी फोडणारा. त्याची बायको सुमनबाई वर यारीवर असते. यारी म्हणजे तारेनं माणसं आणि दगड वर-खाली करणारं यंत्र. ज्ञानोबानं तळाला पाच भोकं पाडली. पाचवं माझ्या पोटात. दारू भरली, वाती पेटवल्या आणि तो वर गेला. त्यांची रीत अशी, की लांब लिंबाखाली बसून बार मोजायचे. दर बाराला सुमनबाई एक खडा मांडते. वातींइतके खडे झाले की मगच आत उतरायचं.

धडाम! एक. दोन. तीन. चार. थोड्या वेळानं पाचवा आवाज आला आणि पाचवा खडा पडला.

पण मित्रांनो, मी फुटलोच नव्हतो! तो आवाज गावातल्या वरातीच्या सुतळी बॉम्बचा होता. माझ्या पोटातली वात गोगलगायीच्या चालीनं अजून जळत होती.

"झाले पाच," शेषेराव उठले. "उतर ज्ञानोबा, पाणी लागलं का बघ."

ज्ञानोबा यारीच्या टोपल्यात बसला. टोपलं विहिरीवर लोंबलं. "सोड गं!"

सुमनबाईनं यारीचा दांडा सोडला नाही. "थांबा जरा."

"का? पाच खडे मोजता येईनात का तुला?"

"खडे पाचच हायत. पर पाचवा बार कानाला आला, तळपायाला न्हाई आला."

शेषेराव हसले. "आता बाईचे तळपाय विचारून विहीर खणायची का?"

"हाव. आत ह्यांचे पाय जायचेत मालक, तुमचे न्हाईत."

"लोकांसमोर लटकवून ठेवलंस मला!" ज्ञानोबा ओरडला. "सोड म्हणून राहिलो ना!"

"न्हाई सोडत." तिनं यारी फिरवली आणि टोपलं काठावर टेकवलं. "उतरा. लिंबाखाली भाकर खाऊ, मग मला लई शिव्या द्या."

वात बोटभर उरली होती. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. वर पावलं रेंगाळली, मग कुरकुरत लांब गेली.

ज्ञानोबानं भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि मी फुटलो.

जमीन हादरली. शेषेरावांच्या हातातला तांब्या पडला. सुमनबाईनं पाचवा खडा उचलला आणि परत तिथंच ठेवला; आता पाच झाले.

आता मी अर्धा होऊन विहिरीच्या काठावर पडलो आहे. माझ्या गोगलगायी इतक्या काळानं ऊन बघत आहेत. आवाज थांबला म्हणजे आग संपली, असं त्यांच्या तळ्यालाही वाटलं होतं. म्हणून विनंती एवढीच, की खाली उतरायची घाई करू नका. आणि कुणी थांब म्हणालं, तर हसण्याआधी थांबा.

दुपारी सुमनबाई येते आणि अनवाणी पाय माझ्यावर टेकवून बसते. आम्ही दोघं ऐकत राहतो. ज्ञानोबा हल्ली टोपल्यात बसला की आधी तिच्या पायांकडं बघतो.