बिडाच्या तव्याचा शनिवार

मित्रांनो, माझं वजन साडेतीन किलो, रंग काळाकुट्ट आणि एका कानाचा टवका उडालेला. मी एक जुना बिडाचा तवा आहे. पण माझ्या आयुष्यात एक शनिवार असा आला, की आजही आठवला तरी मी गॅसशिवाय तापतो!

माझा जन्म कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत झाला. लालभडक वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, ते थंड झालं आणि मी झालो. सांगलीच्या बाजारात उल्हास नावाच्या एका तरुण इंजिनिअरने मला विकत घेतलं. तो खोलीवर एकटा राहायचा आणि घावण्यांचा भारी शौकीन होता. पुढे त्याचं लग्न झालं. त्याची बायको मीनल डॉक्टर. तिला इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि २००३ साली आम्ही तिघं निघालो.

"अरे, एवढ्या वजनात माझी चार पुस्तकं आली असती," मीनल बॅग भरताना कुरकुरली. उल्हासने तिची पुस्तकं स्वतःच्या हँडबॅगेत कोंबली, पण मला बाहेर काढलं नाही.

पहिलं वर्ष माझं राज्य होतं. मीनलच्या वॉर्डातल्या नर्स घरी आल्या की माझ्यावरचे जाळीदार घावणे बघून "ओ, लव्हली!" म्हणत टाळ्या वाजवायच्या. मग घर बदललं. नव्या घरात काचेची सपाट शेगडी होती आणि "यावर जड भांडं ठेवू नका, चरे पडतील," असं घरमालकाने बजावलं. झालं! माझी रवानगी बागेतल्या शेडमध्ये, रंगाच्या डब्यांखाली. दोन हिवाळे मी तिथे काढले. ओल धरली, अंगभर गंज चढला. एकदा तर एक गोगलगाय माझ्यावरून सावकाश चालत गेली. तेवढीच काय ती सोबत.

शेडच्या दाराच्या फटीतून मला उल्हास दिसायचा. त्याला इथे काम मिळत नव्हतं. सकाळी टपाल आलं, की तो बागेत उभा राहूनच पत्र फोडायचा, घडी घालून खिशात ठेवायचा आणि टोमॅटोंना पाणी घालायला लागायचा. टोमॅटो मात्र काय पोसले होते म्हणून सांगू! भिंतीलगत लालबुंद घोस लोंबत होते.

२००६ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या पॅमने कुंपणावरून ते पाहिले. गोदीजवळ तिचा छोटासा कॅफे होता. एक टोमॅटो तिने तिथेच, न धुता खाल्ला आणि डोळे मिटले.

"उल्हास, माझा कुक सोडून गेलाय," ती म्हणाली. "शनिवारी बारा वाजता येते. मला टोमॅटो-टोस्ट करून खाऊ घाल. आवडला तर सोमवारपासून किचन तुझं."

शनिवार उजाडला. उल्हासने जाडजूड गावठी पाव आणला, टोमॅटो चिरले, मीठ लावून ठेवले, बेसिलची, म्हणजे तिकडच्या तुळशीची, पानं खुडली. साडेअकराला ओव्हनचा ग्रिल लावला आणि फट्! फ्यूज गेला. स्विच वर केला की पुन्हा खाली. ओव्हनबरोबर काचेची शेगडीही बंद. रात्रपाळी करून झोपलेली मीनल ड्रेसिंग गाऊनमध्येच धावत खाली आली.

"टोस्टर?"

"स्लाइस त्यात शिरत नाहीत गं!"

"मग पातळ काप ना!"

"पातळ कापले तर टोमॅटोच्या रसाने लगदा होईल."

दोघं शेडमध्ये घुसले. कॅम्पिंगचा गॅस सापडला. बागेतल्या टेबलावर तो मांडून त्यांनी नॉन-स्टिक पॅन चढवला. पाव भाजेना, नुसता घामेजला. बाराला पंधरा मिनिटं कमी! उल्हास मटकन पायरीवर बसला.

"राहू दे. पॅमला फोन करून सांग, नको येऊस."

"अजिबात नाही," मीनल म्हणाली. "तुझा तो तवा कुठाय? ज्याच्यासाठी माझी पुस्तकं काढलीस तो?"

मित्रांनो, माझ्या अंगावरचे रंगाचे डबे खडखडत बाजूला झाले आणि दोन वर्षांनी मला ऊन दिसलं! मीनलने जाड्या मिठाने मला असं घासलं, की गंज तांबड्या चिखलासारखा निघाला. उल्हासने मला धुतलं, आचेवर कोरडं केलं, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवला आणि माझ्यावरून गरगर फिरवला. चर्रर्र! माझा आवाज मलाच नवा वाटला.

पहिली स्लाइस चिकटली, करपली. उल्हासचा चेहरा उतरला. "थांब," मी मनात ओरडलो, "अजून तापू दे मला!" त्याला ते कसं कळलं कोण जाणे. त्याने मिनिटभर थांबून दुसरी टाकली. ती सुटली! कडा कुरकुरीत, पोटात मऊ, रंग सोनेरी. मीनलने गरम टोस्टवर लसणाची पाकळी घासली, उल्हासने टोमॅटो रचले, वर बेसिल आणि ऑलिव्ह ऑइलची धार. तिसरी, चौथी, पाचवी...

"हॅलो?" कुंपणापलीकडून पॅम आली. ती बसली, एक घास घेतला. कुर्रम! रस हनुवटीवरून ओघळला. तिने दुसरा टोस्ट उचलला. मग तिसरा.

"पॅम, कसा झालाय?" मीनलला राहवेना.

"सोमवारी सात वाजता," तोंड भरलेलं असतानाच पॅम उल्हासला म्हणाली. "उशीर करू नकोस."

मीनलने गाऊनसकट उडी मारली. उल्हास हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता.

त्याला तीन वर्षं झाली. आता मी कॅफेत असतो. भरपूर राबतो, पण काम संपलं की उल्हास मला कोरडा पुसतो, तेलाचं बोट फिरवतो आणि मगच दिवा मालवतो.

बाळांनो, आम्हा भांड्यांना ओलं टाकू नका आणि जुनं झालं म्हणून अडगळीतही लोटू नका. आज घरी गेलात की ओट्याखाली, माळ्यावर जरा डोकावा. माझा एखादा भाऊ तिथे पडला असेल. त्याला घासा, तेल लावा, मोठ्या माणसांना सांगून आचेवर ठेवा. पहिली स्लाइस करपली तरी त्याला खाली उतरवू नका.