तेरा हजार चारशे किलोमीटर

अंतर तेरा हजार चारशे किलोमीटर, वेळ पंधरा तास वीस मिनिटं. विमानांचा मार्ग आखणं आणि इंधन ठरवणं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे हे आकडे तिला तोंडपाठ. पण त्या दिवशीच्या विमानात तिचे बाबा होते. धाकट्या बहिणीला मुलगी झाली होती आणि आजोबा एकटेच, पहिल्यांदाच, नातीला बघायला निघाले होते.

सात तास सगळं सुरळीत चाललं. मग समुद्रावरच्या विमानातून आलेल्या संदेशात इंधन ठरल्यापेक्षा दोन टनांनी कमी दिसलं. समोरचा वारा अंदाजापेक्षा फारच जोरदार होता. तिने हिशोब मांडला. विमान पोहोचलं असतं, पण टाकीत वीस मिनिटांचंच इंधन उरलं असतं. नियमाने निदान तीस मिनिटांचं हवं. वाटेत उतरायला एकच जागा होती, तीन तासांवरच्या बेटावरचा छोटा विमानतळ.

शेजारच्या टेबलावर तिचे वरिष्ठ बसत. सगळे त्यांना दादा म्हणत.

"दादा, हा हिशोब तुम्ही करून बघा. माझा कागद बघू नका."

"का गं?"

"त्यात बाबा आहेत. आकडाच वाईट आहे की मी घाबरलेय, ते मला कळेना."

दादांनी कोरा कागद ओढला. दहा मिनिटांनी त्यांनी कागद सरकवला. "एकोणीस. तू एक मिनिट जास्तच धरलंस."

आपण चुकलो असू, या आशेवर ती आतापर्यंत तग धरून होती. ती आशाही गेली.

तिने वैमानिकाला बेटावर उतरायला कळवलं. अशा निर्णयाला दोघांचीही संमती लागे. उत्तर आलं, 'वारा पडेल असं वाटतं. थेट जावं म्हणतो.'

तिने लिहिलं, 'वारा पडण्याचा एकही अंदाज माझ्यासमोर नाही. थेट जायला माझी संमती नाही.'

सात मिनिटांनी दोनच शब्द आले, 'बेटाकडे वळतो.'

कामाची पाळी संपली तरी ती उठली नाही. बेटावर धावपट्टी एकच, तीही आखूड, आणि वारा आडवा. विमान खाली येऊ लागलं आणि पडद्यावरची त्याची खूण जागीच थांबली. दादा म्हणाले, "तिथे असं होतं, सिग्नल जातो." तिलाही ते ठाऊक होतं. तरी अकरा मिनिटं ती टेबलाची कड घट्ट धरून बसली.

मग फोन वाजला.

"अगं चिमे," बाबा वैतागले होते, "आम्हाला मध्येच कुठे उतरवलंय? म्हणे इंधन भरायचंय. स्कूटर आहे का ही?"

"बाबा, पाणी प्या आणि बसून राहा."

"तुझा आवाज असा का येतोय?"

"सर्दी झालीये."

उरलेल्या पाच तासांचा आराखडा दादांनीच केला. सहीसाठी त्यांनी पेन पुढे केलं, तेव्हा टोपण न काढताच ती सही करू लागली; त्यांनी ते पेन हळूच परत घेतलं आणि स्वतःच सही केली.