बिनचिठ्ठीची वायर

मित्रांनो, मी एक जुना मॉडेम आहे आणि मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. तुम्ही मला पाहाल तर हसाल. पिवळट पडलेला चपटा डबा, पुढे पाच दिवे, पाठीत चार भोकं आणि अंगावर प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीचा थर. सध्या माझा मुक्काम टेबलाखालच्या खोक्यात आहे. माझ्या सोबतीला एक तुटका पंखा आणि तळ नसलेली बादली आहे. आज संध्याकाळी झाडलोट झाली की आम्ही तिघेही जाणार. त्याआधी घडलं ते सांगून टाकतो, म्हणजे मन हलकं होईल.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, पोटावर ‘पास’चा शिक्का मारला आणि पेटीत घातलं. पेटी उघडली ती दातांच्या लॅबमध्ये. इथे कवळ्या आणि दातांच्या कॅप तयार होतात. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात, इथले कारागीर त्यावरून दात घडवतात. पहिल्या दिवशी माझ्यासमोर टेबलावर बावीस जबडे ओळीने मांडले होते आणि सगळे माझ्याकडे बघून हसत होते. माझी तर बोबडीच वळली! पण हळूहळू सवय झाली.

लॅब उभी केली अप्पांनी. आता ती त्यांची मुलगी चालवते, तिला सगळे ताई म्हणतात. अप्पा वरच्या खोलीत राहतात. तिसरे प्लास्टरकाका. साचे ओतण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि अप्पांचा शब्द त्यांना काळ्या दगडावरची रेघ.

या लॅबचा एक नियम आहे, तो नीट लक्षात ठेवा. फार पूर्वी एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात गेली होती. तो गृहस्थ दोन दिवस तोंड मिटू शकला नाही, आणि मिटू शकला असता तर अप्पांना जे ऐकावं लागलं ते लागलं नसतं. तेव्हापासून इथे प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधतात. कोणाचं, काय, कधी द्यायचं. जिला चिठ्ठी नाही तिला मालक नाही, आणि जिला मालक नाही ती संध्याकाळी केराच्या खोक्यात. जबडा असो, चिमटा असो, नाहीतर कोणाचा विसरलेला रुमाल असो, अप्पा कोणाचीच गय करत नसत.

नऊ वर्षं मी भिंतीवरच्या एका फळीवरून काम केलं. डॉक्टरांचे निरोप आणले, पावत्या पाठवल्या. ताई सकाळी आली की आधी माझ्या दिव्यांकडे बघायची आणि ‘आहेस ना रे बाबा?’ म्हणायची. मला फार बरं वाटायचं. पण माझं सगळ्यात मोठं काम वेगळंच होतं, आणि ते दिवसभरात एकदाही करावं लागत नसे.

तीन वर्षांपूर्वी अप्पांना जिन्यात भोवळ आली. त्यानंतर ताई दर तासाला हातातलं काम टाकून वर पळायची. डॉक्टर ओरडायचे, कॅपा उशिरा जायच्या, ताईचा जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी तिने एक घंटा आणली. अप्पांच्या गळ्यात एक बटण, त्यांच्या उशाशी एक डबी, आणि डबीतून निघालेली करडी वायर जिन्याच्या भिंतीवरून खाली येऊन माझ्या पाठीतल्या फोनच्या भोकात. वर बटण दाबलं की माझ्यातून फोन जायचा आणि ताईचा मोबाइल वाजायचा. ताईने वायरीला चिठ्ठी बांधली, ‘अप्पांची घंटा’. तेव्हापासून ती निर्धास्त झाली. दर तासाचं वर जाणं हळूहळू दुपारच्या चहापुरतं उरलं. घंटा आहे ना!

अप्पा मात्र बटण सदऱ्याच्या आत लपवायचे. रोज सकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून, कठडा धरून ते तासभर खाली येत आणि दातांचा रंग जुळला का ते बघत. एकदा एक डॉक्टर लॅबमध्ये आले होते. त्यांनी माझ्यामागची चिठ्ठी वाचली आणि अगदी आपुलकीने विचारलं, “अप्पा, तब्येत बरी नसते का हल्ली?”

“छे हो! मला काय धाड भरलीय?” अप्पा म्हणाले.

डॉक्टर गेले. अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, चिठ्ठी तोडली आणि खिशात घातली. मित्रांनो, ज्या माणसाने जन्मभर चिठ्ठ्या बांधल्या त्याने ती तोडली! मी पाहतच राहिलो. पण मला दिवे आहेत, तोंड नाही.

मग जमाना बदलला. डॉक्टर मापाऐवजी जबड्याचे स्कॅन पाठवू लागले. एक एक स्कॅन म्हणजे अगडबंब ओझं. एक जबडा आत घ्यायला मला चाळीस मिनिटं लागायची आणि मधेच धाप लागली की पुन्हा पहिल्यापासून. ताईने कपाळाला हात लावला आणि एक दिवस केबल कंपनीचा माणूस आला. त्याने माहितीपत्रक उघडलं. “घरगुती नाही ताई, खास धंद्यासाठीचं कनेक्शन. बिझनेस क्लास.”

“विमानातल्यासारखं?” काकांनी विचारलं. “मग पाय लांब करायला मिळतील का?”

सगळे हसले. मी हसलो नाही.

मंगळवारी सकाळी केबलवाला आला. काळा चकचकीत नवा डबा माझ्या जागी ठेवला आणि माझ्या पाठीतून एकेक वायर उपटू लागला. पहिली वायर, दुसरी वायर. मी जाणार हे मला कळून चुकलं होतं, त्याचं दुःख मी गिळलं होतं. पण नंतर त्याने करडी वायर धरली आणि विचारलं, “काका, ही कशाची?”

मी म्हटलं, सुटलो! विचारतोय तरी!

माझ्या पाठीमागे काका कधी फिरकले नव्हते. त्यांनी चष्मा वर केला. वायर बोटांनी टोकापर्यंत चाचपली. “चिठ्ठी नाही हिला,” ते म्हणाले आणि ओरडले, “ताई, ही बिनचिठ्ठीची वायर आहे. काय करू?”

ताईच्या कानाला फोन होता. पलीकडचे डॉक्टर एका कॅपवरून तिला फैलावर घेत होते. तिने वळूनसुद्धा न पाहता हात हलवला. काढा.

आणि त्याने ती काढली.

मित्रांनो, माझे पाचही दिवे विझलेले होते. नाहीतर मी लाल, हिरवे, सगळे एकदम लावून थयथयाट केला असता! अहो, ती अप्पांची घंटा आहे! नव्या डब्याच्या पाठीतही तसंच फोनचं भोक आहे, तिथे खुपसा, दोन क्षणांचं काम! पण काकांनी वायरीच्या लोंबत्या टोकाचं वेटोळं करून माझ्यासोबत खोक्यात टाकलं. वर डबीवरचा हिरवा दिवा लागलेलाच राहिला असणार, कारण ती विजेवर चालते. फसवा दिवा.

नवा डबा कामाला लागला. काका हात धुऊन येईपर्यंत जबडा पडद्यावर हजर! ताईने टाळ्या वाजवल्या. बुधवार गेला, गुरुवार गेला. मी खोक्यात पडून एकच गोष्ट मनाशी म्हणत होतो, अप्पा, पडू नका हो.

शुक्रवारी दुपारी जेवणानंतर अप्पा पडले.

आम्हाला कोणाला ते कळलं नाही. खाली घासायचं मशीन घरघरत होतं, ताई पडद्यावरचा जबडा फिरवून फिरवून बघत होती आणि गाणं गुणगुणत होती. तिच्या डोक्यावर, छताच्या वर, तिचे वडील फरशीवर आडवे होते. मधे फक्त बावीस पायऱ्या. चार वाजता ती चहाचा कप घेऊन वर गेली. कप फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिची किंकाळी. काका मशीन चालू टाकूनच धावले.

नशिबाने मनगटावर निभावलं. हाड मोडलं होतं, बाकी अप्पा धड होते. दुसऱ्या दिवशी ते खाली आले, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. काकांनी त्या प्लास्टरकडे पाहिलं आणि म्हणाले, “काय ओबडधोबड घातलंय! माझ्याकडे आला असतात तर गुळगुळीत करून दिलं असतं.” कोणी हसलं नाही.

ताईचे डोळे सुजले होते. “अप्पा, बटण का नाही दाबलंत?”

“दाबलं की.” अप्पा खाली बघत म्हणाले. “सतरा वेळा दाबलं. मग म्हटलं, पोरगी कामात असेल. येत नाहीये म्हणजे... असेल काहीतरी.”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मोबाइल काढला, बघितला, पुन्हा बघितला. एकही फोन आला नव्हता. तिची नजर फळीवर गेली, नव्या डब्यावर, आणि तिथून माझ्या रिकाम्या जागेवर. तिने टेबलाखालचं खोकं फरफटत बाहेर ओढलं. माझ्याखालून करड्या वायरीचं टोक निघालं.

“ही... ही कोणी काढली?”

“मी काढू दिली, ताई.” काका पुढे आले. “तिला चिठ्ठी नव्हती. तुम्हाला विचारलं होतं मी.”

ताई मटकन खाली बसली. तिला तो हलवलेला हात आठवला असणार. “मीच काढा म्हटलं,” ती म्हणाली. “पण चिठ्ठी मी बांधली होती! माझ्या हाताने! गेली कुठे?”

अप्पांनी चांगल्या हाताने खिशातलं जुनं पाकीट काढलं. त्यातून चुरगळलेला कागद काढून टेबलावर ठेवला. दोरा अजून तसाच होता.

“काकांना बोलू नकोस,” ते म्हणाले. “लाज वाटली होती गं मला.”

मित्रांनो, मला अप्पांचा राग आला होता, तो तिथेच गेला. ताई उठली आणि तिने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. दोघंही रडली. काका पाठ फिरवून उगाचच साचे पुसत उभे राहिले.

सोमवारी केबलवाल्याने वायर नव्या डब्यात खुपसली. खरंच दोन क्षण लागले. नवी चिठ्ठी अप्पांनी डाव्या हाताने लिहिली, वेडीवाकडी, पण दारातूनसुद्धा वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. ‘ही माझी घंटा आहे. काढू नका.’ खाली सही.

मला चिठ्ठी नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. नवा डबा माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी मान्य करतो. मित्रांनो, जुनं खुशाल काढा. फक्त उपटण्याआधी त्याच्या पाठीमागे वाकून बघा, तिथे कोण कोण जोडलेलं आहे. आणि कोणी विचारलं, ‘ही कशाची?’ तर फोन कानावरून बाजूला घ्या.

आता चार वाजत आले. सोमवारपासून रोज या वेळी वर बटण दाबलं जातं. हा बघा, ताईचा मोबाइल वाजला!

“आले हो अप्पा!”

“अगं, येऊ नकोस! नुसतं लागतंय का बघत होतो!” वरून आवाज आला.

ताईने हातातला जबडा खाली ठेवला, मशीन बंद केलं आणि ती बावीस पायऱ्या चढून वर गेली.