चिनी खेळातला अंधार

नुमाइशच्या, म्हणजे सालाबादच्या प्रदर्शनाच्या, मैदानात चिनी मांडव लागला होता. काचेखाली कातरलेल्या कागदांची चित्रं: लाल कागदाचा कोंबडा, लाल कागदाची मासोळी, लाल कागदाचं दाण्यानं भरलं कणीस. सखू प्रत्येकापुढं थांबत होती. धाकटा भाऊ हिम्मतराव मागून घाई करत होता.

"अक्का, चल. खेळ सुरू व्हईल. औरंगाबादला गेल्यावर असलं कुठं बघणार?"

राज्य तुटणार, मराठवाडा वेगळा होणार, हे ठरलंच होतं. हिम्मतरावानं बदली मागून घेतली होती. अंबरपेठेतलं बिऱ्हाड मोडून सखूही जाणार होती. रझाकारांच्या साली नवरा गेला, तेव्हापासून तिला त्यानंच सांभाळलं होतं.

खेळ सुरू झाला. मंचावर लख्ख दिवे, आणि भोंग्यातून एकजण सांगत होता, "अब अंधेरा है समझो. गोदाम में हाथ को हाथ नहीं सूझता."

गोदामात एक पहारेकरी, आणि आसऱ्याला शिरलेला एक शिपाई. दोघं एकाच राजाचे, पण एकमेकांना ठाऊक नाही. चाचपडणारी बोटं बोटांना लागता लागता राहत. तलवार नाकासमोरून सुळकन जाई. लोक हसत होते. सखूही पदर तोंडाला लावून हसली.

"कसं बाई, समोर तर हाय."

पहारेकऱ्यानं शिपायाच्या मानेवर तलवार उगारली. हिम्मतराव ताडकन उभा राहिला.

"मारू नगंस! आपलाच हाय! केशवराव हाय तो!"

मागून कुणीतरी म्हणालं, "बैठो मियाँ. नाटक है, दिल पे नक्को लेओ."

मांडव खदखदला. सखू हसायची थांबली. केशवराव तिच्या नवऱ्याचं नाव.

तिनं त्याला दंडाला धरून मांडवामागं आणलं.

"बोल."

"बळदात लपलो व्हतो आम्ही," तो म्हणाला. बळद म्हणजे भिंतीतली धान्याची आंधळी खोली, भर दुपारीही काळीठिक्कर. "दाजी पाण्याला म्हणून भाईर गेले. परत आले ते बोललेच न्हाईत. मला वाटलं, रझाकार. हातात कुऱ्हाड व्हती. पहिल्याच घावात मान तुटली. दुसरा कशाला घातला, कळत न्हाई. मग वास आला. त्यांच्या तंबाखूचा."

"तू म्हनलास, महबूब पिंजाऱ्यानं रझाकार घरात आणले. त्यांनी मारलं."



फौज आली, रझाकार पळाले, तेव्हा सारा गाव पिंजाऱ्याच्या दारात जमला होता. पेटता कडबा सखूनं स्वतःच्या हातानं छपरावर टाकला. आत कापूस होता. पिंजारी दारात आला की लोक त्याला भाल्यानं मागं लोटत. "सखूमाय, म्या न्हाई, म्या न्हाई," तो ओरडत होता. कापूस आवाज न करता जळतो. माणूस तसा जळत नाही. सखू शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. तिला बरं वाटलं होतं.

तिनं भावाच्या कानशिलात मारली. मग मूठ वळून तोंडावर, नाकावर. त्यानं हात आडवा केला नाही. ओठ फुटला, रक्त सदऱ्यावर उतरलं. ती मारत राहिली, हात दुखेपर्यंत.

"पिंजाऱ्याची बायको कुठं असती?"

"याकूतपुऱ्यात. गाद्या शिवती."

"तुला ठावं हाय तर."

"बघून येतो कधीमधी. लांबनं."

"चल. मारणारा तू, जाळणारी मी. तिच्या दारात उभं राहून सांगायचं."

"अक्का, तिची पोरं आता बाप्ये झालीत. आपल्याला जित्तं सोडायची न्हाईत."

"त्यांचं ते बघतील."

तिनं रस्त्यावर रिक्षा थांबवली. "याकूतपुरा."

रिक्षावाल्यानं रक्त पाहिलं. "दवाखाने को जाना क्या अम्मा?"

"नक्को. एक बाई के घर को."

हिम्मतराव चढेना. तिनं त्याला आत ढकललं आणि स्वतः कडेला बसली, त्याला उतरता येणार नाही अशी.