मंजुळाच्या हाताला दोष

१९९८ सालची गोष्ट. डोंबिवलीत मानपाडा रस्त्यावरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट शोधायचा नवा प्रोग्राम बसवला होता आणि तो रोज दुपारपर्यंत मान टाकायचा. तिन्ही काउंटरवरचे कॉम्प्युटर एकदम ठप्प. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की गाडी रुळावर. मात्र काउंटरवरची मंजुळा रजेवर असली की दिवसभर काही बिघडत नसे. मालक हरिहर साठ्यांना एवढा पुरावा पुरला. सोमवारपासून तिला मागे बाटल्या धुवायला बसवायचं त्यांनी ठरवूनही टाकलं.

प्रोग्राम लिहिणाऱ्या सुमेधाला हे काही पटेना. कॉम्प्युटरला माणसं ओळखता येतात होय? शनिवारी सकाळीच ती मंजुळाच्या शेजारी खुर्ची टाकून बसली.

“ताई, मी काय पण केलेलं नाय हो,” मंजुळा रडवेली झाली. “आमच्या घरात मासळीची पाटी न उचललेली मी पहिलीच. ही खुर्ची गेली तर आई काय बोलेल?”

“तू रोजच्यासारखं काम कर. मी नुसती बघते.”

एक आजोबा आले. मंजुळाने नाव टाइप केलं. रिपोर्ट तयार नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, तिनेही पुन्हा शोधलं. शेजारच्या पडद्यावर सुमेधाला, प्रत्येक शोधासाठी प्रोग्राम डेटाबेसशी उघडायचा ती कनेक्शनं दिसत होती. ती चमकलीच. रिपोर्ट सापडला की कनेक्शन बंद होत होतं, न सापडला की उघडंच! अशी उघडी कनेक्शनं साचत गेली की सर्व्हर नव्या कुणाला आत घेत नव्हता.

तिने कोड उघडला. रिपोर्ट नसला की प्रोग्राम मध्येच बाहेर पडत होता आणि कनेक्शन बंद करायची ओळ त्याच्या खाली बिचारी वाट बघत होती. प्रोग्रामची तपासणी करताना सुमेधाने कायम असलेलेच रिपोर्ट शोधले होते. तिला स्वतःचा भयंकर राग आला. रिपोर्ट सापडो न सापडो, कनेक्शन बंद होईलच, अशी तिने दुरुस्ती केली. संध्याकाळपर्यंत मंजुळाने मनसोक्त शोधलं, काही अडलं नाही.

“चूक माझी होती,” सुमेधाने साठ्यांना सांगितलं.

“असेल. पण मग मंजुळा नसताना प्रोग्राम कसा चालायचा? रिपोर्ट तयार नसलेले लोक तेव्हाही येतातच की!”

सुमेधाने बाकीच्या दोन काउंटरकडे पाहिलं.

“मंजुळा शोधून मग नाही म्हणते,” ती म्हणाली. “बाकीचे न शोधताच म्हणतात.”